मामांच्या गारगोटीतलं पाणी

आख्ख्या नगर जिल्ह्यात मॉलिब्डेनम या धातूबद्दल ठाम मत असलेला माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण त्यामुळे या परिस्थितीत काही फरक पडलेला नाही. अकोले तालुक्यातल्या डोंगरांपासून जामखेडच्या माळापर्यंत आमच्याकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे, आणि त्याच्या खाली काय आहे म्हणाल तर आणखी काळा पाषाण. मॉलिब्डेनम औषधालाही नाही. तरी मामांनी जन्म घेतला तो जामखेडात, संसार मांडला तो नगरात, आणि जीव लावला तो या इथे न सापडणाऱ्या धातूवर. लग्नाच्या पंगतीत मामांच्या शेजारी जागा मिळालेल्या माणसाला जिलबी येईपर्यंत कळतं की मॉलिब्डेनमचं खनिज करडं, मऊ, पापुद्र्यापापुद्र्याचं असतं, हात लावला की बोट काळं होतं, आणि ते पोलादात थोडंसं मिसळलं की पोलाद उष्णतेला भीत नाही. मठ्ठा येईपर्यंत हेही कळतं की त्याला पेन्सिलीतलं शिसं समजणारी माणसं जगात आहेत आणि मामांनी त्यांना अजून माफ केलेलं नाही. मामा भूशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलेली दिसत नाही.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या लग्नाच्या बोलणीत झाली. मी चष्म्याचा दुकानदार, त्यामुळे मुलीकडची मंडळी दुकान कुठे, चालतं कसं, असं विचारत होती. मामा कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "तुमचं मूळ कुठलं?" मी म्हटलं, श्रीगोंद्याचं. "त्याच्या आधी?" आजोबा पारनेरहून आले होते म्हणतात. "आणि पारनेरला कुठून आले?" मी सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी छताकडे पाहिलं. शेवटी मी म्हटलं, "माहीत नाही." मामा खूश झाले. सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "मुलगा चांगला आहे. माहीत नसलं की माहीत नाही म्हणतो." माझं लग्न ठरलं ते या वाक्यावर, असं माझी बायको अजूनही सांगते, आणि भांडण झालं की मामांना दोष देते.

कुठलीही गोष्ट समोर आली की ती कुठून आली, हे कळल्याशिवाय मामांना चैन पडत नाही. भाजी आणली तर कुठल्या मळ्यातली, पाहुणा आला तर कुठल्या रस्त्याने आला. पाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. दुसऱ्याच्या घरी तांब्याभांडं पुढे आलं की सगळे पाणी पितात, मामा ते तोंडात घोळवतात. एकदा जामखेडला त्यांच्या चुलतभावाच्या घरी गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस, गावात टँकर चालू. मामांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "हे खोल बोअरचं पाणी आहे. निदान तीन खडकांतून फिरून आलंय." चुलतभाऊ ओशाळून म्हणाला, "दादा, बाटलीचं हाय ते. तुमी येनार म्हनून दुकानातून आनलं." आम्ही हसू दाबत होतो. मामांनी बाटली मागवली, चष्मा वर करून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "बाटली कुठे भरली ते लिहिलंय. पाणी कुठलं ते कुठे लिहिलंय?" मग मामांनी ती सगळी बाटली शांतपणे पिऊन टाकली.

नगर जिल्ह्यात मॉलिब्डेनम एकाच ठिकाणी मिळतं, तो शोधही मामांचाच. जामखेड रस्त्यावर आमची गाडी बंद पडली म्हणून एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात नेली. तिथे काळ्या ग्रीसचा उघडा डबा होता. मामांनी डब्यावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं कुणी ओळखीचं भेटलं. या ग्रीसमध्ये म्हणे त्यांच्या खनिजाची पूड असते. पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे यंत्र झिजत नाही. मामा बोटावर ग्रीस घेऊन उन्हात धरून उभे. गॅरेजवाला म्हणाला, "बाबा, कापडाला पुसू नका बरं का. लई वंगाळ डाग. जात न्हाई तो." मामांनी ते ऐकलं आणि विचारांच्या नादात बोट सदऱ्यालाच पुसलं. घरी मामींनी तो सदरा भिजवायला घेतला तेव्हा मामा न्हाणीघराच्या दारात आडवे उभे राहिले. तो सदरा अजून कपाटात आहे, डागासकट.

शनिशिंगणापूरची गोष्ट तर सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. आम्ही सगळे दर्शनाला रांगेत, आणि मामा बाहेर दुकानांच्या ओळीत थांबले. तिथे रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकलेला होता. खडीत कधीकधी पांढरे, मोरपिशी चकाकणारे खडे सापडतात. आमच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ते तयार होतात. मामा ढिगाशी उकिडवे बसले. एका प्रसादाच्या दुकानदाराने विचारलं, "काय हारवलं का बाबा?" मामा म्हणाले, "हरवलं नाही. शोधतोय." दुकानदार गडी मायाळू. त्याने शेजारच्याला हाक मारली, "अरं ये, बाबांचं कायतरी पडलंय." आम्ही दर्शन घेऊन आलो तर ढिगाभोवती गर्दी. एक बाई पदर खोचून खडी बाजूला सारत होती, दोन गडी चाळण आणून चाळत होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता, "सोन्याचं हाय का?" मामा मधोमध बसून त्यांना सांगत होते की हे पांढरे खडे गरम पाण्यातून तयार झाले, सोन्यापेक्षा हे बघा. अखेर दुकानदाराने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "मंजी काय पडलंच न्हाई व्हय?" आम्ही सगळ्यांसाठी चहा सांगितला. मामांनी त्या बाईला एक चांगला खडा निवडून दिला. तिने तो पदराच्या गाठीत बांधला, हे मात्र खरं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मामांजवळ एक गारगोटी होती. मुठीएवढा दुधी दगड, त्याच्या एका अंगाला करडे पापुद्रे चिकटलेले. तेच ते मॉलिब्डेनम. माझ्या दुकानातल्या काच पुसायच्या मऊ कापडात ती गुंडाळलेली असे. तिचाच एक पातळ काप कधीतरी काढून, दोन्ही बाजूंनी घासून काचपट्टीवर बसवलेला होता. कॉलेजने मोडीत काढलेला मायक्रोस्कोप मामांनी घरी आणला होता, आणि रोज सकाळी अंघोळ झाली की चहाच्या आधी ते तो काप बघत. मामी देवघरात, मामा मायक्रोस्कोपाशी. घरी येणाऱ्या प्रत्येकाला बघावं लागे. पहिल्यांदा बघणाऱ्याला स्वतःच्याच पापणीचे केस दिसतात. माझ्या सासूबाई एक डोळा मिटून म्हणाल्या, "अगबाई, छानच आहे की!" मामांनी विचारलं, "बुडबुडा कुठल्या बाजूला होता?" सासूबाई त्या दिवसापासून भावाच्या घरी गेल्या की थेट स्वयंपाकघरात जातात.

मला मात्र दिसलं. काचा हाताळण्याचा धंदा असल्यामुळे असेल. दुधी धुक्यात एक रेघ होती आणि रेघेवर ओळीने थेंब बसलेले. खरे पाण्याचे थेंब, दगडाच्या आत, चारी बाजूंनी बंद. त्यातल्या सगळ्यात मोठ्या थेंबात एक बुडबुडा होता आणि तो हलत होता. थरथरत इकडून तिकडे, तिकडून इकडे, क्षणभरही स्वस्थ नाही. मला तिथून डोळा बाजूला घ्यावासाच वाटेना. मामा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "माणूस नव्हता, झाड नव्हतं, तेव्हापासून हलतोय." त्या दिवसापासून मी मामांची थट्टा थोड्या जपून करू लागलो.

त्या थेंबाचं शास्त्र त्यांनी आम्हाला मुरांब्यावरून शिकवलं. गारगोटी जमिनीखाली गरम पाण्यातून वाढत असते, वाढताना त्या पाण्याचा कण तिच्या पोटात अडकतो. मुरांबा गरम असताना काठोकाठ भरून झाकण लावलं, की निवल्यावर तो खाली बसतो आणि वर जागा मोकळी राहते. तोच आपला बुडबुडा. आता बरणी परत तापवा. ज्या उष्णतेला मुरांबा पुन्हा काठाला लागेल आणि मोकळी जागा नाहीशी होईल, निदान तितका तरी तो भरताना गरम होता. दगडातल्या थेंबाचंही तसंच. काप तापवत न्यायचा, बुडबुडा लहान लहान होत कुठे विरतो ते बघायचं. हे पटवण्यासाठी मामांनी एका रविवारी मामींची बरणी उकळत्या पाण्यात ठेवली. बरणी फुटली आणि वर्षाचा मुरांबा शेगडीवर वाहिला. मामी कमरेवर हात ठेवून उभ्या. मामा म्हणाले, "घाईने तापवलं की असं होतं. दगडातही होतं." नंतरचे दोन दिवस मामा आमच्याकडे जेवले.

पाणी किती गरम होतं हे थेंब सांगतो, पण ते कुठलं हे सांगायला वजन लागतं. मामा म्हणत, एका घरातले दोन भाऊ, नाक-डोळे तेच, वागणं तेच, एक फक्त अंगाने थोडा जाड. तसे पाण्यातले काही कण जड, काही हलके. त्यांना समस्थानिक म्हणतात. ढग पश्चिमेकडून येतो, राजूरच्या डोंगरांना धडकतो, आणि त्याच्यातले जड कण आधी तिथेच खाली उतरतात. पुढे संगमनेर, नगर करत तो जामखेडला पोहोचेपर्यंत उरलेला पाऊस जरासा हलका. "म्हणजे दादा, आम्हाला पाऊस येतो तोही कमी आणि वर हलका?" असं चुलतभाऊ एकदा कळवळून म्हणाला होता. मामांना त्याचं दुःख कळलंच नाही, ते आनंदाने "बरोब्बर!" म्हणाले. तर सांगायचं असं की पावसाच्या पाण्याचं वजन एक, आणि पृथ्वीच्या पोटातल्या तापलेल्या शिलारसातून सुटणाऱ्या पाण्याचं वजन दुसरं. मॉलिब्डेनमला वर कुणी आणलं हे शोधायचं तर ते पाणी मोजायचं. खनिजातल्या गंधकाचंही तसंच; त्याचं वजन त्याचं घर सांगतं.

आणि इथेच मामांचं दुखणं होतं. तरुणपणी ते सरकारी नोकरीत होते, तमिळनाडूच्या डोंगरांत तंबू ठोकून मॉलिब्डेनम शोधणाऱ्या तुकडीत. मामी नवी नवरी, त्याही तिथेच. मामांनी गारगोट्यांतले थेंब तापवून पाहिले आणि ठरवलं की हे पाणी खोलातलं, शिलारसातलं आहे. त्यांचे वरचे साहेब एका संध्याकाळी काप बघून म्हणाले, "पावसाचं पाणी दिसतंय. वरून मुरलं, तापलं, परत वर आलं." मामांना ते लागलं. शिलारसाचं पाणी म्हणजे खाली मोठा साठा असण्याची आशा, पावसाचं म्हणजे कदाचित नुसती वरवरची धूळ. पुढे ते काम बंद झालं. साहेबांच्या त्या एका वाक्यामुळेच बंद झालं, असं मामांनी मनाशी धरलं आणि राजीनामा देऊन, ही एक गारगोटी खिशात घालून नगरला आले. नातेवाइकांत "साहेबांशी पटलं नाही" एवढंच सांगितलं गेलं. मामींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांच्या बरोबरचे कुठल्या कुठे गेले. मला त्याचं काही नाही. पण ते रोज सकाळी त्या नळीत डोळा घालतात ना, ते पाणी बघत नाहीत. साहेबांशी भांडत असतात."

मागच्या वर्षी मामांची एक विद्यार्थिनी भेटायला आली. राजूरकडच्या एका वाडीतली ही मुलगी कॉलेजात असताना गोणपाटाच्या पिशवीत दगड भरून एस.टी.ने यायची आणि कंडक्टर तिला पिशवीचं वेगळं तिकीट घे म्हणायचा. आता ती हैदराबादच्या बाजूला एका मोठ्या प्रयोगशाळेत आहे. नमस्कार झाला, चहा झाला, आणि तिने मायक्रोस्कोपात डोळा घातला. काप हळूहळू सरकवत सगळा पाहिला. मग म्हणाली, "सर, हे मोजता येतं आता. आमच्याकडं मशीन हाय. पाण्याचं वजन, पापुद्र्यातल्या गंधकाचं वजन. दगडाचं वयसुद्धा निघतं." मामांचे डोळे चमकले. "कर ना मग! केव्हा करतेस?" मुलगी खाली बघत म्हणाली, "गारगोटी फोडून पूड करावी लागंल. पापुद्रे आम्लात विरघळवावे लागतील. काप तापवताना थेंब फुटतील. परत काही येनार नाही, सर."

मामांनी गारगोटी उचलली, कापडात गुंडाळली आणि आत नेऊन ठेवली. मुलीला जेवून जा म्हणाले, जेवताना तिच्या आईवडिलांची चौकशी केली, आग्रहाने भात वाढला. ती गेल्यावर मला म्हणाले, "जावईबापू, मशिनंही कधीकधी चुकतात." पुढे कित्येक दिवस ते असंच काहीबाही बोलत राहिले. दगड लहान आहे, पुरणार नाही. वाटेत हरवेल. एकच नमुना, एका नमुन्यावरून काय ठरतं? मी चष्म्याचे नंबर काढतो; डोळे तपासून घ्यायला टाळणारी माणसं रोज बघतो. त्यांना दिसत नाही हे त्यांना ठाऊक असतं, फक्त दुसऱ्या कुणी ते सांगायला नको असतं. मामांकडे बघून मला वाईट वाटायचं. त्या थेंबात त्यांचं सगळं तारुण्य होतं, आणि तो राखायचा तर आपण बरोबर होतो की नाही हे कधीच कळणार नव्हतं.

कोंडी मामींनी फोडली. मी चष्म्याची काडी बसवायला गेलो होतो. मामी लसूण सोलत होत्या, मान वर न करता मामांना म्हणाल्या, "अहो, एक विचारू? खरं निघो, खोटं निघो, पण तुम्ही आहात तोवर निघू दे. तुमच्यामागे मी त्या दगडाचं काय करू? तुळशीत ठेवू?" मामा उठले, मायक्रोस्कोपाशी बसले, आणि चहा निवून गेला तरी उठले नाहीत. मग काप डबीत घातला, गारगोटी कापडासकट पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "मऊ कापडाचे अजून दोन तुकडे द्या. प्रवास लांबचा आहे." पूड होणार असलेल्या दगडाला ओरखडा जाऊ नये म्हणून ते धडपडत होते. मी गुपचूप कापड आणून दिलं.

त्यानंतर मामा सकाळी अंघोळ करून मायक्रोस्कोपासमोर येत, उभे राहत, आणि परत जात. चहा लवकर मागू लागले. पाणी तोंडात घोळवणं बंद. मामी म्हणाल्या, "काहीतरी विचारा हो, भाजी कुठली आहे ते तरी विचारा." घरात एकदम शांत शांत झालं.

फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. मामींनी मोबाईल स्पीकरवर लावून मधल्या टेबलावर ठेवला. मुलीचा आवाज आनंदी होता. "सर, तुमी बरोबर होतात. गंधक खोलातलं हाय, शिलारसातलं. मॉलिब्डेनम त्याच्यासंगंच आलंय. आनि गारगोटीत अगदी बारीक बारीक थेंब हायेत, आपल्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपात दिसले नसते असे. ते पहिले थेंब. ते पाणीही खोलातलंच वाटतंय." मामींनी पदर डोळ्यांना लावला. मामा मात्र पुढे वाकले. म्हणाले, "आणि मोठे? रेघेवरचे?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती हळू म्हणाली, "सर, मी गारगोटी कापली तेव्हा ती रेघ पुढपर्यंत दिसली. ती एका स्फटिकात थांबत नाही. शेजारच्या स्फटिकात शिरते." मला काही कळलं नाही, पण मामांनी डोळे मिटले. नंतर त्यांनी मला समजावलं. स्फटिक वाढताना पाणी अडकलं तर त्याची रेघ त्या स्फटिकातच राहते. शेजाऱ्याच्या घरात ती जाणार कशी? जी रेघ शेजारी घुसते ती वाढीची नव्हे, भेगेची. दगड तयार झाल्यावर केव्हातरी तडकला, भेगेत पाणी शिरलं, भेग सांधली आणि पाणी आत राहिलं. हे त्यांनी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं होतं. फळ्यावर दोन स्फटिक काढून शिकवलं होतं. पण त्यांच्या स्वतःच्या कापात एकच स्फटिक होता, आणि उरलेली गारगोटी कापायला त्यांचा हात कधी धजला नाही. "ते पाणी पावसाचं हाय सर," मुलगी म्हणाली. "मागाहून आलेलं. केव्हा पडला तो पाऊस, ते नाही सांगता येत." मामा म्हणाले, "छान काम केलंस बाळ. रेघ तपासलीस, हे फार छान केलंस." आणि त्यांनी खरोखर तिला पोटभर शाबासकी दिली. मला त्या क्षणी ते फार मोठे वाटले.

फोन ठेवल्यावर म्हणाले, "साहेबांनी तोच थेंब पाहिला होता. त्या थेंबाबद्दल साहेब बरोबर होते." साहेब नागपूरला आपल्या लेकीकडे असतात, नव्वदीच्या आसपास आहेत, हे त्या विद्यार्थिनीकडूनच कळलं आणि नंबरही तिनेच मिळवून दिला. मामांनी पांढरा धुतलेला सदरा घातला, जणू साहेब फोनमधून बघणार होते. मी नंबर लावून दिला. पलीकडून साहेबांचा बारीक पण स्वच्छ आवाज आला. नाव सांगताच म्हणाले, "अरे, नगरवाला! तुझ्या बायकोची शेंगदाण्याची चटणी! काय चटणी असायची रे ती कॅम्पात!" मामींनी हातातलं काम थांबवलं.

मामा ताठ बसून म्हणाले, "साहेब, त्या गारगोटीतलं पाणी पावसाचंच निघालं. तुम्ही म्हणाला होता. मी मानलं नव्हतं. ते तुम्हाला सांगायचं होतं."

"मी म्हणालो होतो? केव्हा रे?"

"कॅम्पात. संध्याकाळी. चहा पिताना."

साहेब हसले. "म्हणालो असेन बाबा. मला कुठे काय ठाऊक होतं तेव्हा? तोंडाला आलं ते बोललो असेन. काम तर वरूनच बंद व्हायचं ठरलं होतं." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "पण मला सांग, तू नोकरी का सोडलीस? चांगला मुलगा होतास. मी पुढे पुष्कळांना विचारलं, कुणाला सांगता येईना. माझं काही चुकलं होतं का रे?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ घेऊन म्हणाले, "नाही साहेब. तुमचं काय चुकणार? माझी आई इकडे जामखेडला एकटी होती. तिच्यासाठी आलो."

मामांची आई त्यांच्या लग्नाच्याही आधी वारली होती. ते मला ठाऊक होतं, मामींना तर होतंच. पलीकडे साहेबांनी सुटकेचा श्वास सोडलेला इकडे ऐकू आला. "बरं केलंस," ते म्हणाले, "फार बरं केलंस." आणखी थोडं तब्येतीचं, डोळ्यांचं बोलणं झालं, आणि फोन बंद झाला. पंगतीत बसून पाण्याच्या घोटाचंसुद्धा मूळ शोधणारा हा माणूस, आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीचं मूळ आमच्यादेखत बेलाशक खोटं सांगून मोकळा झाला होता, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधीच वाटली नव्हती.

थोड्या वेळाने मामी म्हणाल्या, "त्यांना माझ्या चटणीची आठवण आहे."

"आहे की," मामा म्हणाले.

"मग पाठवू या का थोडी?" म्हणत त्या उठल्या, डबा उघडला, आणि शेंगदाणे भाजायला कढई गॅसवर ठेवली. मामा बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. भाजल्याचा वास घरभर झाला तेव्हा त्यांनी आत हाक मारली, "अगं, तिखट जरा कमीच घाल. वय झालंय त्यांचं."